रूट कॅनालनंतर दाढ बरी होते म्हणजे काय होते

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या पहिल्या दाढेवर रूट कॅनाल उपचार झाले. उपचार कसे करतात, किती वेळ लागतो, दुखते का, हे विचारणारे आणि सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु उपचार करून घरी आल्यावर ती दाढ बरी होते म्हणजे नेमके काय होते, त्याला किती काळ लागतो आणि त्या काळात आपण काय करायचे, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. माझा खरा कस त्याच काळात लागला, म्हणून तेवढ्यावरच सविस्तर लिहितो आहे.

मी वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या दाणाबंदरात एका गाळ्यावर हिशेबाचे काम करतो आणि कोपरखैरणेत राहतो. वय पन्नाशीच्या पुढे आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी रोज चालू आहे. ही गोष्ट पुढे औषधांच्या बाबतीत महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच नमूद करतो. खालची पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि ती कायमची असते. कायमच्या दातांत बहुधा सर्वांत आधी आलेली असल्यामुळे चावण्याचा भार आणि किडीचा धोका या दोन्ही गोष्टी तिच्या वाट्याला सर्वांत जास्त काळ येतात. माझ्या दाढेला आधी गार पाणी लागे, मग गरम चहा, मग रात्री आडवे झाल्यावर ठणका सुरू होई; आणि त्यानंतर तो ठणका आपोआप ओसरून फक्त चावताना बोथट दुखणे उरले. वाशीतल्या आमच्या दंतवैद्य बाईंनी डिजिटल एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला, तेव्हा मुळाच्या टोकाशी हाडात काळसर डाग दिसत होता. ठणका ओसरला तो आतली नस मेल्यामुळे, आणि तिथला जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून बाहेर पडून आता हाडापर्यंत पोहोचला आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. वेदना थांबणे आणि दाढ बरी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या पडद्यासमोर प्रथम उमगले आणि पुढच्या साऱ्या महिन्यांत ते सतत उपयोगी पडले.

प्रत्यक्ष उपचारांविषयी थोडक्यात सांगतो. दाढेची नस मुळांतल्या बारीक नळ्यांतून जाते; ती काढून त्या नळ्या साफ करणे आणि भरणे म्हणजे रूट कॅनाल. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळे आणि तीन नळ्या असतात. माझ्या दाढेत चौथी नळीही सापडली. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला होता, जेणेकरून लाळ आत जाऊ नये आणि धुण्याचे औषध घशात उतरू नये. नळ्या बारीक फाइलींनी घासून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुन्हा पुन्हा धुतल्या. संसर्ग हाडापर्यंत गेलेला असल्यामुळे नळ्या त्याच दिवशी कायमच्या भरल्या नाहीत. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध ठेवून वरून तात्पुरते सिमेंट लावले आणि पुढची तारीख दिली.

खुर्चीतून उठल्यावर पहिले काही तास भुलेचे असतात. भुलेच्या इंजेक्शनात लिग्नोकेनसोबत अ‍ॅड्रेनलिन असल्यामुळे औषध त्या जागी जास्त वेळ टिकते. दाढेची बधिरता तुलनेने लवकर उतरते, परंतु ओठ, जिभेची कड आणि हनुवटीचा अर्धा भाग तीन ते पाच तास जड राहू शकतो. इंजेक्शन दिल्यावर माझ्या छातीत काही क्षण धडधडले होते, ते अ‍ॅड्रेनलिनमुळे होते आणि रक्तदाबाची कल्पना असल्याने मात्रा बेताची ठेवली आहे, असे डॉक्टरांनी तिथल्या तिथे सांगितले, त्यामुळे मी घाबरलो नाही. भूल असताना काही खाऊ नये, कारण गाल किंवा ओठ दाताखाली येऊन चांगलाच चावला जातो आणि ते कळतही नाही. गरम चहाने तोंड पोळले तरी समजत नाही. म्हणून जेवण आटोपूनच उपचारांना जावे, ही अगदी साधी सूचना मला फार मोलाची वाटली. मी दुपारचे जेवण करून गेलो होतो. घरी परतेपर्यंत आणि नंतर संध्याकाळपर्यंत फक्त साधे पाणी प्यायलो, आणि ओठाला मुंग्या येऊन तो पूर्ववत झाल्यावर कोमट वरण-भात खाल्ला.

पहिली गोळी भूल पूर्ण उतरण्यापूर्वीच घ्यायची होती. वेदना चढल्यावर तिला खाली आणणे कठीण जाते, आणि ती चढण्यापूर्वीच औषध अंगात असले तर तीच वेदना सोसण्याजोगी राहते, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. एरवी निरोगी माणसाला दातांच्या दुखण्यावर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी चांगली लागू पडते, कारण आयब्युप्रोफेन सूज कमी करते. परंतु माझी टेल्मिसार्टनची गोळी पाहून डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन टाळले. त्या गटातील औषधांनी रक्तदाब वाढू शकतो आणि या गोळीबरोबर मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. मला ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल दिली, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवायला सांगितले आणि दिवसाला चारपेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत अशी मर्यादा घालून दिली. सर्दी-तापाच्या पुष्कळशा तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेव्हा पावसाळ्यात सर्दी झाली म्हणून त्या वरून घेऊ नयेत, हेही बजावले. अ‍ॅसिडिटी, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे असलेल्यांनी तर शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला चालेल असे गृहीत धरूच नये. आपण रोज घेत असलेल्या औषधांची चिठ्ठी दंतवैद्याकडे नेणे मला तेव्हापासून फार आवश्यक वाटते. दाताचा आणि रक्तदाबाचा काय संबंध, असे वाटून अनेकजण ती घरीच ठेवतात.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दाढ दुखली. ठणका नव्हता. दाढ थोडी वर उचलली गेल्यासारखी वाटत होती, आणि जबडा मिटताना इतर दातांच्या आधी तीच लागत होती. माझ्या पत्नीने विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता: "अहो, नस काढून टाकली म्हणता, मग दुखते ते काय?" हाच प्रश्न मी डॉक्टरांना फोनवर विचारला आणि त्याचे जे उत्तर मिळाले ते मला या सर्व प्रकरणाचे मर्म वाटते.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असा तंतूंचा थर असतो, आणि बाजेच्या विणीवर माणूस तोलला जावा तसा दात या तंतूंवर तोललेला असतो. दाताच्या आतील नस काढली तरी हा थर जिवंतच राहतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, दाब आणि वेदना कळणारे मज्जातंतू असतात. आधीच्या संसर्गाने तो सुजलेला असतो, त्यात नळ्या साफ करताना मुळाच्या टोकाशी थोडी इजा होते, थोडे औषध किंवा कचरा टोकापर्यंत सरकतो, आणि शरीर तिथे दुरुस्तीसाठी रक्तपुरवठा वाढवते. त्या चिमूटभर जागेत सूज आली की दाढ किंचित वर ढकलली जाते, म्हणून ती उंच वाटते आणि प्रत्येक घासाला दुखते. म्हणजे गार-गरम लागणे ही नसेची वेदना होती. आताची वेदना दाढेला धरून ठेवणाऱ्या भागाची आहे. ती पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असते आणि साधारण आठवड्याभरात उतरत जाते. मला हे कळल्यावर दुखणे कमी झाले असे मी म्हणणार नाही, पण ते कशाचे आहे हे माहीत असल्यामुळे रात्री त्याच्याशी झगडत बसावे लागले नाही. उतरत जाणारी वेदना आणि चढत जाणारी वेदना यांत फरक करायचा, एवढेच लक्ष ठेवायचे होते.

चढत जाणारी वेदना कोणती, तेही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. गालावर किंवा जबड्याखाली सूज वाढू लागणे, ताप येणे, तोंड उघडता न येणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, सूज डोळ्याकडे सरकणे, गोळीनंतर अंगावर पुरळ येणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा, आणि श्वास घेणे किंवा गिळणे अवघड झाले तर थेट रुग्णालय गाठायचे. माझ्या बाबतीत सूज आली ती हिरडीला हलकीशी आणि दोन दिवसांत बसली. गालावर बाहेरून थंड पाण्याचा फडका थोडा वेळ ठेवून काढणे, रात्री उशी जरा उंच घेणे आणि कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून हलक्या गुळण्या करणे, यांनी आराम पडला. जबड्याचे स्नायूही दुखत होते. बराच वेळ तोंड उघडे ठेवल्यामुळे कानापुढचा सांधा अवघडला होता, आणि ते दुखणे दाढेचे आहे असे सुरुवातीला वाटते. बोटांनी हलके चोळल्यावर जे कमी होते ते स्नायूंचे, एवढी खूण पुरेशी आहे.

दाणाबंदरात मी पुन्हा कामावर गेलो तेव्हा सल्ल्यांची कमतरता नव्हती. आमच्याकडच्या माथाडी टोळीचे मुकादम साताऱ्याकडचे आहेत. त्यांनी आपुलकीने मिश्री लावायला सांगितले. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होऊन भरून येणे लांबते, तेव्हा मी त्यांना हात जोडले आणि त्यांच्या स्वतःच्या दातांसाठीही ती सोडावी असे सुचवले. शेजारच्या गाळ्यावरच्या एका गृहस्थांनी आपल्याकडे उरलेल्या अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल देऊ केल्या. त्या मी घेतल्या नाहीत आणि त्याबद्दल डॉक्टरांना विचारले. त्यांचे उत्तर असे, की मेलेल्या नसेच्या नळीत रक्त पोहोचत नाही, म्हणून गोळीतून दिलेले अँटिबायोटिकही तिथे पोहोचत नाही. तिथला संसर्ग घासून, धुऊनच काढावा लागतो. ताप असेल, सूज पसरत असेल, तर अँटिबायोटिकची गरज पडते. नुसत्या दुखण्यासाठी नाही. अर्धवट उरलेल्या कॅप्सूल या घरातून त्या घरात फिरणे ही मला आपल्याकडची मोठी चिंतेची बाब वाटते, कारण जंतू त्या औषधाला सरावतात आणि ज्या दिवशी खरोखर जीव वाचवायचा असतो त्या दिवशी ते औषध कामाचे राहत नाही.

मसाला मार्केट आमच्या शेजारीच असल्यामुळे लवंगाही हातोहात आल्या. लवंगेतील युजेनॉलने मज्जातंतू तात्पुरते बधिर होतात, ही गोष्ट खरी आहे, आणि माझ्या दाढेवरच्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही झिंक ऑक्साइडबरोबर तेच युजेनॉल होते. जिभेला दिवसभर लवंगेची चव येत होती ती त्याचीच. परंतु उपचार झालेल्या दाढेत लवंग दाबून धरल्याने सिमेंट खचू शकते, आणि लवंगेचे तेल कापसाने थेट हिरडीवर लावल्यास हिरडी पोळते. लवंगा मी घरी आमटीसाठी नेल्या.

खाण्याच्या बाबतीत मला आपल्या स्वयंपाकघराचे फार आभार मानावेसे वाटतात. मऊ भात आणि वरण, मुगाची खिचडी, तांदळाची उकड, दूध-पोळी कुस्करून, शिजवलेला भोपळा, केळे, ताक. आजारी माणसासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जे करतात ते सारे या दिवसांत चालते. भाकरीचे पापुद्रे, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, चिक्की, ऊस, कडक टोस्ट हे सोडायचे. डाव्या बाजूने चावायचे. उपचारांच्या दोन बैठकींच्या मध्येच गणपती आले. उकडीचा मोदक मऊ असल्यामुळे निर्धास्त खाल्ला, मात्र सारणातला खोबऱ्याचा चव सिमेंटच्या कडेला अडकतो, म्हणून लगेच पाण्याने खळखळून चूळ भरावी लागली. तात्पुरत्या सिमेंटचा वरचा थर थोडा झिजला तर बिघडत नाही. पण ते पूर्ण निघून खड्डा पडला, तर लाळेबरोबर जंतू पुन्हा नळ्यांत शिरतात आणि केलेले सगळे काम वाया जाऊ शकते. तसे झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जाऊन ते पुन्हा लावून घ्यावे. ब्रश करणे थांबवायचे नाही, हेही इथे सांगायला हवे. दुखते म्हणून त्या बाजूला ब्रश न लावणारे पुष्कळ असतात, आणि मग हिरडी सुजते ती साचलेल्या अन्नामुळे.

याच सुमारास माझ्या मेहुण्यांनी फोन करून दाढ सरळ काढून टाकण्याचा आग्रह धरला. नस काढलेला दात शरीरात विष पसरवतो असे त्यांच्या वाचनात आले होते. या समजुतीला जुना इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने केलेल्या भाषणानंतर, दातांतील संसर्गामुळे शरीरभर रोग होतात असा सिद्धान्त जोरात होता आणि त्यापायी असंख्य लोकांचे दात उपटले गेले. पुढच्या काही दशकांत दात उपटूनही ते रोग बरे होत नाहीत असे दिसून आले आणि ती पद्धत मागे पडली. मी मेहुण्यांना एवढेच म्हटले, की संसर्ग काढून टाकण्यासाठीच तर हे उपचार आहेत, आणि स्वतःची दाढ राखता येत असेल तर मला ती राखायची आहे.

दुसऱ्या बैठकीत दाढ ठोकून पाहिली, हिरडी दाबून पाहिली, आणि दुखत नाही याची खात्री झाल्यावर नळ्या कोरड्या करून गटापर्चाने भरल्या. गटापर्चा हा मलायाकडील एका झाडाचा चीक. रबराच्या जवळचा, गरम केल्यावर मऊ होणारा आणि शरीराला न बाधणारा. वरचा खड्डा त्याच दिवशी पक्क्या फिलिंगने भरला. यानंतरचे दुखणे पहिल्यापेक्षा कमी असेल असे सांगितले होते, आणि पहिल्या दिवशी ते तसेच होते. पण पुढे ते उतरेना. स्वस्थ बसले तर काही नाही. दात मिटले की एका विशिष्ट बिंदूवर बारीक, टोकदार कळ यायची. ताप नाही, सूज नाही, रात्री जाग नाही. दुखणे उतरत जायला हवे ते तिथेच थांबले आहे, एवढे लक्षात आल्यावर मी फोन केला.

डॉक्टरांनी खुर्चीत बसवून निळ्या कागदाची पट्टी दातांमध्ये धरली आणि कचकच चावायला सांगितले. दाढेच्या मागच्या कोपऱ्यावर गडद निळा ठिपका उठला. "काका, फिलिंग केसभर उंच राहिली आहे. भूल असताना आपण नीट चावतो की नाही ते आपल्यालाच कळत नाही, म्हणून त्या दिवशी सापडले नाही," असे म्हणून त्यांनी तेवढा भाग घासून कमी केला. भूल लागली नाही, दोन-चार मिनिटांत काम झाले. कागदाच्या जाडीएवढी उंची. पण जबडा दिवसभरात कितीतरी वेळा मिटतो, आणि प्रत्येक वेळी आधीच सुजलेल्या तंतूंवर तोच एक बिंदू आदळत होता. पुढच्या दोन-तीन दिवसांत ती कळ पूर्ण थांबली. रूट कॅनालनंतर चावताना एकाच जागी टोचत असेल, तर ते सोसत राहू नये. 'उपचार नुकतेच झालेत, दुखणारच' असे म्हणून लोक आठवडेच्या आठवडे एका बाजूने जेवतात आणि अखेर उपचारच फसले असे ठरवतात. त्यांतल्या अनेकांचा त्रास या निळ्या पट्टीने सुटण्यासारखा असतो.

आता दाढ पूर्ण शांत झाली, आणि मला वाटते, खरा धोका इथून सुरू होतो. नवरात्राच्या आधी बाजारात गडबड वाढते, सुट्टी मिळणे अवघड होते, दुखत तर काहीच नाही, आणि कॅपचा, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपणाचा, खर्च समोर दिसत असतो. कॅप दिवाळीनंतर बघू, असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. मी तारीख पुढे ढकलली नाही, त्याचे कारण माझे थोरले बंधू. त्यांच्या अशाच दाढेचे रूट कॅनाल उत्तम झाले होते, दुखणे गेले होते, आणि कॅप राहून गेली होती. एके दिवशी सुपारी चावताना ती दाढ उभी चिरली. चीर हिरडीच्या खाली मुळापर्यंत गेल्यामुळे ती वाचवता आली नाही, काढावीच लागली. संसर्गातून वाचलेली दाढ नुसत्या भाराने गेली.

नस काढल्यावर दात वाळतो आणि म्हणून ठिसूळ होतो, असे सर्रास म्हटले जाते. डॉक्टरांनी त्यात दुरुस्ती केली. दाढ कमकुवत होते ती प्रामुख्याने तिचा भाग गेल्यामुळे: आधी किडीने पोखरलेला, मग नळ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी वरून कोरलेला. मध्ये पोकळी आणि भोवती भिंती अशी ती उरते, आणि जोराने चावले की भिंती बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. कॅप त्या भिंतींना वरून आणि चारी बाजूंनी आवळून धरते. पुढच्या दातांवर चावण्याचा भार कमी असतो आणि त्यांचा पुरेसा भाग शाबूत असेल तर कॅपशिवाय चालू शकते. दाढांचे तसे नाही.

कॅप बसवणे हा या साऱ्यातला सर्वांत सोपा भाग निघाला. दाढ चारी बाजूंनी थोडी घासली, माप घेतले, तात्पुरती कॅप लावली. तात्पुरत्या कॅपच्या दिवसांत चिकट खाणे टाळायचे आणि फ्लॉसचा, म्हणजे दातांच्या फटी साफ करण्याचा, दोरा वर न ओढता बाजूने काढायचा, नाहीतर कॅप उचकटते. धातूवर पोर्सिलेन चढवलेली कॅप स्वस्त पडते, पण पोर्सिलेनचा टवका उडू शकतो आणि काही वर्षांनी हिरडीच्या कडेला काळसर रेघ दिसू शकते. झिर्कोनियाची महाग, पण भार चांगला सोसते. मी झिर्कोनियाची घेतली. तिच्याबरोबर वॉरंटीचे कार्ड मिळाले. ते कॅपचे असते, आतल्या दाढेचे नसते. हे डॉक्टरांनी कार्ड हातात देतानाच स्पष्ट केले. कॅप पक्की करण्यापूर्वी मी स्वतःहून निळी पट्टी मागितली, आणि भूल न घेता चावून पाहिले. ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी नवी मुंबईत नेरूळ, खारघर, कामोठे इथे दंत महाविद्यालये आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हेच उपचार कमी खर्चात करतात; वेळ मात्र जास्त द्यावा लागतो. आमच्या बाजारातल्या कामगारांना मी हे आवर्जून सांगतो, कारण खर्चाच्या भीतीने दाढ उपटून येणारे मी फार पाहिले आहेत.

दिवाळीत चकली दोन्ही बाजूंनी खाल्ली. दाढ बरी झाली असे घरातल्या सर्वांनी म्हटले. पण हाडातला तो काळसर डाग अजून तिथेच होता, आणि तो दुखत नसल्याने आतून काही कळण्याचा मार्ग नव्हता. हाड भरून यायला महिने लागतात. संसर्गाचे मूळ निघून गेल्यावर शरीर आधी तिथली सूज आवरते, मग हळूहळू नवे हाड घालते, आणि त्यात पुरेसे क्षार साठल्यावरच ते एक्स-रेमध्ये दिसू लागते. म्हणून लगेच एक्स-रे काढून काही निष्पन्न होत नाही. युरोपातील दंतवैद्यांच्या मार्गदर्शक सूचनांत किमान एक वर्षाने तपासणी करावी, आणि डाग पूर्ण गेला नसेल तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे, असे आहे. आमच्या डॉक्टरांनी मला मधली एक तपासणी म्हणून सहा महिन्यांनी बोलावले.

गुढीपाडव्याच्या सुमारास तो एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी जुना आणि नवा, दोन्ही शेजारी शेजारी लावले. डाग गेला नव्हता, पण त्याची कड आत सरकली होती, आणि पूर्वी जिथे एकसारखा काळेपणा होता तिथे बारीक पांढरट जाळी उमटू लागली होती. ते नवे हाड. मला त्या क्षणी मनापासून आनंद झाला, कारण इतक्या महिन्यांत जे चालले होते त्याचा हा पहिला पुरावा होता. बरे होण्याची दिशा योग्य आहे, आता वर्ष पूर्ण झाल्यावर पुन्हा पाहू, असे त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या दाढेला आता गार-गरम कळत नाही, त्यामुळे कॅपच्या कडेखाली पुन्हा कीड लागली तर ती शिवशिवून इशारा देणार नाही. ती वरवर शांत राहूनच आतून पोखरली जाईल. तेव्हा ब्रशचे केस हिरडीच्या कडेला तिरपे टेकवून ती रेघ रोज साफ करायची, रात्री फ्लॉस फिरवायचा, आणि काही दुखत नसले तरी दर सहा महिन्यांनी दाखवून जायचे. पुढची तारीख मी गाळ्यावरच्या दिनदर्शिकेत, वसुलीच्या तारखांच्या रांगेतच लिहून ठेवली आहे.